तिकीटबारी नसलेल्या मुलखातला नाटकाचा संच

मुंबईच्या व्यावसायिक नाटकात नटाला दर प्रयोगाची 'नाईट', म्हणजे मानधन, मिळते. मराठवाड्यातल्या संचात, म्हणजे नाटक करणाऱ्या हौशी गटात, नाईट नसते, वर्गणी असते. नेपथ्याला प्लायवूड आणायचं, लाइटवाल्याला आगाऊ पैसे द्यायचे, स्पर्धेच्या केंद्रावर जायला टेम्पो ठरवायचा, की वही निघते आणि ज्याचा पगार झालेला असतो तो थोडे जास्त देतो. इथं नाटकात असणं म्हणजे संचात असणं. भूमिका मिळो न मिळो, रात्री जेवण उरकून तालमीच्या जागी हजर व्हायचं. बाहेरच्यांना ही हौस वाटते. मला ती या प्रदेशाच्या इतिहासातून आलेली गोष्ट वाटते, आणि तो इतिहास सांगितला गेला पाहिजे, कारण मराठी रंगभूमीची कहाणी बहुतेक वेळा सांगली, पुणे, मुंबई एवढ्यावरच आटोपते.

विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि पुढच्या काही दशकांत संगीत नाटक कंपन्या गावोगाव मुक्काम करू लागल्या. या सगळ्या काळात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार आधी फारसीत, मग उर्दूत, माध्यमिकपासून पुढचं शिक्षणही उर्दूत. पदराला खार लावून मराठी नाटकाचं तिकीट काढणारा सुशिक्षित वर्ग ज्या शाळांतून तयार व्हायचा, त्या शाळाच मराठीत नव्हत्या. वर गश्ती निशाण 53 नावाचा हुकूम, ज्यानं सभा-संमेलनाला आधी सरकारी परवानगी लागायची. माणसं जमवणं हाच ज्या कलेचा पाया, तिला याहून मोठी अडचण कोणती? मग नाटक शिरलं ते गणेशोत्सवाच्या मेळ्यात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात. इथला संच पहिल्यापासून असा दुसऱ्या कशाच्या तरी आश्रयानं वाढला. पुढे आश्रयदाते बदलत गेले, पण ती गरज काही सुटली नाही.

खेळ करणाऱ्यांची वानवा मात्र या मातीत कधीच नव्हती. पैठणच्या नाथांची भारुडं सोळाव्या शतकापासून सोंगांसह उभी राहत आली. गोंधळी, वासुदेव, पोतराज, लळित, तमाशा हे सगळं दारात येत होतं. गोंधळाचा मेळ पाहिला आहे का? एक मुख्य गोंधळी, एक संबळवाला, एक तुणतुण्यावर, एकाच्या हातात दिवटी. कथा सांगणारा एक, मध्येच अडवून प्रश्न विचारणारा दुसरा. राजाही त्यांच्यातलाच, राणीही त्यांच्यातलीच. पण हा मेळ कुळाचा आणि जातीचा असे. बापाची संबळ मुलाकडे जायची. वेगवेगळ्या घरांतल्या, जातींतल्या पोरांनी आपण होऊन एकत्र यावं आणि त्याला संच म्हणावं, हे घडायला महाविद्यालयं उघडावी लागली.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं आणि दोनच वर्षांत ती उघडली. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय काढलं. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिलं. रामायणकाळापासून आजपर्यंत अस्पृश्यांच्या वाट्याला काय आलं, याची ती गोष्ट. 1955 मध्ये ते कॉलेजात झालं आणि 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याचं स्थान पहिलं मानलं जातं. मला त्यातली दुसरी एक बाजू महत्त्वाची वाटते. वसतिगृहात राहून शिकणारी, घरात पहिल्यांदाच अक्षर ओळखणारी मुलं रंगमंचावर उभी राहिली आणि समोर लाखोंचा समुदाय होता. त्या प्रयोगाला तिकीटबारी नव्हती, चळवळ होती.

दुसरा आश्रय सरकारी होता. तेव्हाच्या मुंबई राज्यानं 1954 च्या सुमाराला हौशी नाट्यस्पर्धा सुरू केली. 1956 मध्ये मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, आणि राज्य नाट्य स्पर्धा इथल्या संचांचं पंचांग बनली. पावसाळ्यात संहिता शोधायची, दसऱ्याच्या आसपास वाचन, मग तालमी, मग प्राथमिक फेरी. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, ते वेळेत आलं नाही तर सगळी मेहनत वाया. औरंगाबाद, नांदेड, परभणी, लातूर ही केंद्रं झाली, तसे त्या गावांत प्रेक्षकही तयार झाले. रोज एक नाटक बघायचं, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर परीक्षकांच्या आधी निकाल लावायचा, असे.

स्पर्धेनं मराठवाड्याला नाटक दिलं हे खरं. तिनं नाटकाला एका प्रयोगापुरतं केलं, हेही तितकंच खरं. दोन-अडीच महिने घासून बसवलेलं नाटक केंद्रावर एकदा होतं, अंतिम फेरीत गेलं तर आणखी एकदा, आणि मग नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे भिंतींच्या चौकटी, कुणाच्या तरी गच्चीवर पडून भिजतात. नटाला वीस-पंचवीस प्रयोगांनंतर जी समज येते, ती यायला वावच नाही. बक्षीस नजरेसमोर ठेवून नाटकं निवडली जाऊ लागली: शेवटच्या अंकात मोठं स्वगत, एखादा लक्षवेधी प्रकाशबदल, परीक्षकांना कळेल असा आशय. कामगार कल्याण मंडळाच्या आणि वीज कंपनीच्या स्पर्धांनी यात आणखी एक वर्ग जोडला. वायरमन, ऑपरेटर, कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारे नट. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, तसा औरंगाबादच्या तालमींचा वेळही शिफ्ट बघून ठरू लागला.

आता तालीम जवळून बघू. जागा म्हणजे बहुधा शाळेचा वर्ग. शिपाईमामांना सांगून मिळवलेला, बाकं भिंतीला सरकवलेली. दार-खिडक्या कुठे आहेत ते खडूनं फरशीवर आखलेलं असतं. ज्याचं काम नाही तो पुस्तक धरून प्रॉम्प्ट करतो. पार्श्वसंगीतवाला मोबाइलवरून तुकडे लावून बघतो, दिग्दर्शकच उद्या लाइट करणार असल्यानं तो मनात डिमर ओढत असतो. बँकेत असलेला खलनायक उशिरा येतो, कारण दिवसाचा हिशेब जुळला नव्हता. आणि मुलगी. लहान गावातल्या संचाची खरी परीक्षा इथं असते. कुणाच्या तरी घरी जायचं, आईवडिलांना नाटक समजावून सांगायचं, 'रोज घरी आणून सोडू' म्हणायचं आणि खरोखर रोज सोडायचं. अनेक संचांनी नाटकाची निवडच स्त्री-पात्रं किती यावर केली आहे. चांगली चांगली नाटकं केवळ त्यात चार बायका आहेत म्हणून बाजूला पडली. ज्या संचाच्या शब्दावर घरचे विश्वास ठेवतात, तो संच टिकतो, आणि हा विश्वास कमवायला वर्षं लागतात. माझ्या मते मराठवाड्यातल्या नाट्यसंस्थांची खरी मिळकत हीच आहे, कपाटातल्या ढाली नव्हेत.

सत्तरच्या दशकात मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आला आणि चित्र पालटलं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेले कमलाकर सोनटक्के त्याचे पहिले प्रमुख. ज्याला आजवर उपजत अंग म्हणत होते, ते शिकता येतं हे खेड्यातून आलेल्या पोरांना तिथं कळलं. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे तिथून दिल्लीला गेले, पुढे 'झुलवा' हे नाटक केलं आणि 2013 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. रुस्तुम अचलखांब यांच्यासारखे शिक्षक लोककला आणि आधुनिक रंगमंच यांची सांगड घालत राहिले. शनिवार-रविवारी खेडी पालथी घालून जलसे, तमाशे बघणारी एक पिढी या विभागाच्या ओसरीवर वाढली.

ऐंशीच्या दशकात औरंगाबादेतच 'जिगीषा' ही नाट्यसंस्था उभी राहिली. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी, प्रतीक्षा लोणकर ही त्यातली पुढे सगळ्यांना माहीत झालेली नावं. त्यांच्यातली बरीच मंडळी मिळूनच मुंबईला गेली. 1991 मध्ये आलेलं 'चारचौघी' दळवींनी लिहिलं, कुलकर्णींनी बसवलं, आणि मराठवाड्याच्या संचाची ताकद व्यावसायिक रंगभूमीनं बघितली. त्या काळी औरंगाबादची रेल्वे मीटरगेज होती. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून दुसऱ्या गाडीत बसावं लागे. कलावंतांच्या बाबतीत ते मनमाड आजही तसंच आहे: तिथून पुढे गेलेले परत येतात ते सत्काराला. त्यांचा दोष नाही. नटाला नाईट जिथं मिळते तिथं तो जाणार. पण दर सात-आठ वर्षांनी संचातले सगळ्यात तयार असलेले दोघं-तिघं जातात, आणि मागे राहिलेल्यांना नवी पोरं गोळा करून पुन्हा 'श्वास कुठे घ्यायचा' इथपासून सुरुवात करावी लागते. हे मागे राहणारे लोक कुठल्या इतिहासात येत नाहीत. ते शाळेत मास्तर असतात, तहसीलमध्ये कारकून असतात, त्यांचं किराणा दुकान असतं. मराठवाड्याची रंगभूमी त्यांच्या खांद्यावर आहे.

जुलै 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि गावं पेटली. घरं जळाली, माणसं मारली गेली. नाटकाच्या संचात एकत्र चहा पिणाऱ्यांच्याही मध्ये भिंत आली. नांदेडच्या दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा' त्यानंतरच्या वर्षांतलं. जुन्या पिढीचे काका, प्राध्यापक सतीश आणि आक्रमक अर्जुन यांचा वाद एका घरात चालतो. ते नाटक करताना संचाला स्वतःशीच बोलावं लागतं, कारण कोण कुठली भूमिका करतो आणि ती करताना मनात काय असतं, हे झाकून ठेवता येत नाही. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं ते 14 जानेवारी 1994 ला.

आणि मग जांब समर्थ. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं, समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथले शेतकरी राजकुमार तांगडे नाटकं लिहीत होते, गावातली माणसं करत होती. 'आकडा' हे त्यांचं नाटक विजेच्या तारेवर आकडा टाकण्याबद्दलचं, म्हणजे जे गावात प्रत्येकानं केलेलं किंवा पाहिलेलं असतं त्याबद्दलचं. पुण्याच्या अतुल पेठे यांनी याच मंडळींना घेऊन मकरंद साठे यांचं 'दलपतसिंग येती गावा' बसवलं, माहितीच्या अधिकाराच्या लढ्यावरचं. मग 2012 मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. संकल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचं, लेखन तांगडेंचं, दिग्दर्शन गेवराईकडच्या नंदू माधव यांचं. नट बहुतेक जालन्याकडचे, शेती करणारे. इतिहासाचा शिवाजी आणि मिरवणुकीतला शिवाजी यांच्यातला फरक त्यांनी थेट विचारला, आणि मुंबई-पुण्याची नाट्यगृहं भरली.

मला या नाटकाचं मोल दोन कारणांनी वाटतं. एक, इथं एकटा नट शहरात गेला नाही, संच गेला आणि संच म्हणूनच गावी परतला. दुसरं, बोली. 'जायलो', 'करायलो' म्हणणारं पात्र स्पर्धेच्या नाटकात हसं करून घेण्यापुरतं असायचं. या मंडळींनी त्याच बोलीत राजकारण मांडलं, इतिहास मांडला, आणि शहरातल्या प्रेक्षकानं कान देऊन ऐकलं. त्यानंतर एकांकिका स्पर्धांमधून मराठवाड्यातली पोरं आपल्या गावची भाषा न लाजता बोलू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आजच्या संचाची अडचण तालमीइतकीच कागदांची आहे. नाट्यसंस्थेची नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. नोंदणीच्या वेळी सातही जण एकाच वर्गात तालीम करत असतात. दहा वर्षांनी त्यातले चौघे पुण्याला, एक दुबईला, आणि कार्यकारिणी बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात पडून. खातं चालवायला सही मिळत नाही, अनुदानाचा अर्ज अडतो. त्यात गावातलं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद असलं की ते किती वर्षं बंद राहील, हे कुणी सांगत नाही. म्हणून नवे संच आता संस्था काढताना सातात किमान चार नावं गावात राहणाऱ्यांची धरतात: दुकानदार, शिक्षिका, शेतकरी, एखादे निवृत्त मास्तर. भूमिका कुणालाही मिळो, सह्यांचा अधिकार गावात राहणाऱ्यांकडेच.