वकिली नको करूस: बडोद्यातल्या एका वाक्याची पार्श्वभूमी

दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी पोरांनी हे वाक्य दिवसाआड ऐकलेलं असतं. नात आजीपुढे उभी आहे, तिला दोनचाकी हवी आहे. "एक तर क्लास अलकापुरीला. दुसरं, रिक्षाचे महिन्याचे पैसे धरले तर त्यातच हप्ता निघतो. तिसरं, दादाला अकरावीतच घेऊन दिली होती." मुद्दे चोख, तिसऱ्यात तर घरचाच दाखला. आजी शेंगा सोलता सोलता म्हणते, "वकिली नको करूस. काय हवंय ते माग." (दोनचाकी पुढे मिळाली, पण ती आजोबांपुढे रडून.)

हल्ली शाळा-कॉलेजांत अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांना जोर आहे, आणि आपलं म्हणणं समोरच्याच्या गळी कसं उतरवायचं हे शिकवणारी शिबिरंही भरतात. असल्या शिबिराचं एक पत्रक हाती आलं. त्यात युक्तिवादाचा इतिहास ग्रीसमध्ये सुरू होऊन थेट नोकरीच्या मुलाखतीवर उतरतो. मधे बडोदं लागतं, ते गाळलं आहे.

फार मागे जात नाही. न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाने, वाद, जल्प आणि वितंडा अशी वर्गवारी केली होती: सत्य शोधण्यासाठी बोलणं, जिंकण्यासाठी बोलणं, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची नुसती मोडणं. त्यातला वितंडवाद तेवढा मराठीने रोजच्या वापरात ठेवला. यावरून आपल्याविषयी काय समजायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

मराठेशाहीतला निवाडा मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. तक्रार करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांची तकरीर, म्हणजे जबानी, लिहून घ्यायची. साक्षीदार तपासायचे. गोतसभेने किंवा पंचांनी निर्णय द्यायचा. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याची भेट, भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. म्हणजे तिजोरीला दोन्हीकडून लाभ. पण या पद्धतीतले खरे महत्त्वाचे कागद दोन. काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी 'पंच सांगतील ते मान्य' असं लिहून द्यायचं, तो राजीनामा. आणि शेवटी हरलेल्याने 'मी हरलो, माझा दावा खोटा' असं स्वतः लिहून द्यायचं, ते येजितपत्र.

राजीनामा या शब्दाचा अर्थ पुढे इतका फिरला की आमच्याच घरात त्यावरून घोटाळा झाला. माळ्यावरच्या एका दप्तरात पणजोबांच्या सहीचा राजीनामा निघाला. चुलतभावाला मोडी जेमतेम लागते. त्याने घरभर जाहीर केलं की पणजोबांनी सरकारी नोकरीवर लाथ मारली होती. वर्षभर आम्ही ते अभिमानाने सांगत होतो. नंतर जाणत्या माणसाने वाचून दिलं तेव्हा कळलं, शेजाऱ्याशी सामाईक विहिरीचा तंटा होता आणि पंचांचा निर्णय मान्य राहील एवढंच पणजोबांनी लिहून दिलं होतं.

'वकील' या शब्दाचंही असंच झालं. आज वकील म्हटलं की काळा कोट दिसतो, पण परदेशातल्या आपल्या कचेरीला मराठीत अजून वकिलात म्हणतात ते उगाच नाही. अठराव्या शतकात वकील म्हणजे धन्याचा शब्द दुसऱ्या दरबारात नेणारा आणि तिथलं उत्तर घेऊन परत येणारा माणूस. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवलं, तेव्हा पेशवे काही कुणाचा दावा लढवणार नव्हते. बडोद्याच्या इतिहासातल्या सर्वांत अभागी वकिलाचं कामही असंच होतं. गंगाधरशास्त्री पटवर्धन गायकवाडांच्या वतीने पुण्याला गेले ते पेशव्यांच्या थकबाकीचा हिशोब मिटवायला आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचं, म्हणजे महसुलाच्या मक्त्याचं, बोलणं करायला. जिवाला धोका ओळखून आधीच इंग्रजांची हमी घेतली होती. बोलणी लांबली, मधे सोयरीकही निघाली, आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळातून रात्री परतताना त्यांचा खून झाला. दोन वर्षांनी, १८१७ च्या पुणे तहात, पेशव्यांना गायकवाडांवरचे पुढचे हक्क सोडावे लागले. शास्त्रीबुवा जिवंतपणी जे पटवू शकले नाहीत ते असं सुटलं.

आता १८७५. बडोद्यात 'वकिली' या शब्दाला जी चव आहे ती माझ्या मते त्या वर्षाची आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

मल्हारराव गायकवाड १८७० मध्ये गादीवर आले. कारभार वाईट होता, यात वाद नाही. १८७३ मध्ये चौकशीचं कमिशन बसलं आणि जुलै १८७४ मध्ये महाराजांना सुधारण्यासाठी ३१ डिसेंबर १८७५ पर्यंतची मुदत मिळाली. ही तारीख लक्षात ठेवावी. रेसिडेंट, म्हणजे दरबारात नेमलेले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, आणि महाराज यांचं पटत नव्हतं. त्या वेळचे पारशी दिवाण हे लेखणीचे धनी होते. २ नोव्हेंबर १८७४ ला महाराजांचा खलिता व्हाइसरॉयकडे गेला: या रेसिडेंटसाहेबांच्या हाताखाली सुधारणा होणं अवघड आहे, दुसरे साहेब द्यावेत. भाषा नम्र, मागणी एकच.

आठवड्याने, ९ नोव्हेंबरला, रेसिडेंट सकाळच्या फेरफटक्यावरून आले आणि रोजच्याप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला उचलला. दोनतीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली, उरलेलं फेकून दिलं. मग पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आणि हिऱ्याची पूड निघाली.

पुढचं सगळं बडोदेकरांना तोंडपाठ आहे. बहुतेक सांगणारे एक गोष्ट मात्र सोडून देतात: खलित्याने काम केलं होतं. नोव्हेंबर संपायच्या आत सरकारने रेसिडेंट बदलायचं ठरवलं आणि डिसेंबरात नवे साहेब आले. महाराजांनी जे मागितलं होतं ते त्यांना मिळालं. साधा, रीतसर, लेखी अर्ज, आणि तो मंजूर. बडोद्याच्या इतिहासातला हा सर्वांत यशस्वी युक्तिवाद असेल, पण तो सरबताच्या पेल्यात बुडाला.

जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली आणि २३ फेब्रुवारीला कँपात, म्हणजे बडोद्याच्या इंग्रज छावणीत, कमिशन बसलं. सदस्य सहा. बंगालचे मुख्य न्यायाधीश अध्यक्ष, त्यांच्याबरोबर दोन इंग्रज अधिकारी. हिंदी बाजूने ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. त्या दोन अधिकाऱ्यांपैकी एकजण १८७३ च्या कमिशनचे प्रमुख होते. ज्यांनी आधी कारभार वाईट ठरवला तेच आता खुनाच्या प्रयत्नाचा निवाडा करायला बसले. तेव्हा यात कुणाला खटकलं असो वा नसो, मला खटकतं.

महाराजांच्या बचावाला लंडनहून नामांकित बॅरिस्टर आणला. त्याची फी १०,००० पौंड होती असं तेव्हापासून सांगितलं जातं. त्याची उलटतपासणी मोठी होती, आणि ती एका चामड्याच्या पट्ट्याभोवती फिरली. रेसिडेन्सीच्या पट्टेवाल्यांचा हवालदार माफीचा साक्षीदार झाला होता. त्याचा जुना पट्टा एव्हाना दुसऱ्या शिपायाकडे गेला होता. त्यात सोमलाची पुडी सापडली, ती डिसेंबरच्या अखेरीस, आणि सापडली मुंबईहून आलेल्या पोलिसाला. बॅरिस्टरने विचारलं ते कुणीही विचारलं असतं: विष घालणारा माणूस उरलेलं विष दीड महिना पट्ट्यात ठेवून तो पट्टा दुसऱ्याला देतो का? रेसिडेन्सीच्या जमादाराने कबुली दिल्यावर विहिरीत उडी घेतली होती. महाराजांचा चिटणीसही फुटलेला. म्हणजे महत्त्वाचा प्रत्येक साक्षीदार स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलत होता. आणि खलिता तर होताच. ज्याने आठवड्यापूर्वी साहेबांची बदली मागितली, तो त्या साहेबांना विष कशाला देईल?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाळ खरा होता, सोमल खरा होता, आणि पैसे कुणी दिले याचे धागे राजवाड्याकडेच जात होते. महाराज निर्दोष होते असं मी म्हणत नाही.

मतं पडली तीन आणि तीन. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, तिघा हिंदी सदस्यांना वाटला नाही. एवढी फी घेऊन आलेल्या वकिलाने निम्मं कमिशन फिरवलं, आणि फौजदारी कामात शंकेचा फायदा आरोपीला जातो ही रीत सगळ्यांना माहीत होती. पण कमिशन म्हणजे कोर्ट नव्हतं. त्याने फक्त अहवाल द्यायचा होता. हिंदुस्थान सरकार आणि लंडन यांच्यात तारांवर तारा गेल्या आणि एप्रिल १८७५ मध्ये जाहीरनामा निघाला. कमिशनच्या मतांचा आधार न घेता, उघड गैरवर्तन, राज्यकारभाराची दुर्दशा आणि नालायकी या कारणांसाठी मल्हाररावांना पदच्युत केलं. दिलेल्या मुदतीचे आठ महिने अजून शिल्लक होते. देशी वृत्तपत्रं खवळली, पण उपयोग नव्हता. महाराज मद्रासला गेले आणि १८८२ मध्ये तिथेच वारले.

या निर्णयाचं समर्थन करणारे म्हणतात की कारभार तसाच होता, पुढचं, सयाजीरावांच्या राज्याचं, सोनेरी पान उघडण्यासाठी हे पान उलटणं भागच होतं. असेल. पण मग विषाचा खटला कशाला चालवला? सगळा युक्तिवाद सहा माणसांना उद्देशून झाला आणि निकाल भलत्यानेच दिला. मराठेशाहीच्या हिशोबात हा निवाडाच नव्हे: आधी राजीनामा नाही, शेवटी येजितपत्र नाही. तीन-तीन मतं पडली तेव्हा येजितपत्र लिहायचं तरी कुणी?

२७ मे १८७५ ला कवळाण्याचा गोपाळराव दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. बडोद्याला कशाला आलास असं विचारल्यावर पोराने दिलेल्या 'राज्य करायला आलोय' या उत्तराची गोष्ट सर्वांना पाठ आहे. न्यायाच्या बाबतीत त्यांनी केलेलं काम मोठं आहे. वरिष्ठ कोर्ट, त्यावर हुजूर न्यायसभा. सुरसागरासमोरचं न्यायमंदिर १८९६ मधलं. ते आधी मंडईसाठी योजलं होतं असं गावात सांगतात, आणि पुढे तिथे वकिलांची गर्दी झाली तेव्हा फार फरक पडला नाही अशी कोटीही त्याला जोडून येते. १९३१ मध्ये आठ भाषांतले कायद्याचे आणि कारभाराचे शब्द शेजारी शेजारी मांडणारा कोश त्यांनी काढवला. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याने वकील, प्लीडर, मुखत्यार यांतले जुने भेद मोडले, तरी मुखत्यारपत्र शिल्लक आहे आणि वकीलपत्रही. जिल्हा न्यायालय २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याला गेलं.

याच सुधारलेल्या राज्यात १९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीवर रुजू झाले. गायकवाडांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला जाऊन आले होते. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेली माणसं दाराशी आली. बाबासाहेबांनी आठवडाभराची सवड मागितली. मिळाली नाही, संध्याकाळपर्यंत निघायचं. दोन ओळखीच्यांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही गोड बोलून टाळलं. मग रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या कायदेपंडितांत गणला गेलेला माणूस, आणि बडोद्यात त्याची बाजू ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. न्यायमंदिर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

स्वातंत्र्यानंतरची जी गोष्ट बडोद्याबाहेर फारशी सांगितली जात नाही ती रंगपूरची. तेव्हाच्या बडोदे जिल्ह्यात, आता छोटा उदेपूरमध्ये, १९४९ पासून एका गांधीवादी कार्यकर्त्याने आदिवासींची लोकअदालत चालवली. सगळं उघड्यावर, वकील नाही. दोन्ही बाजू जमलेल्या लोकांतून आपापले पंच निवडत. सरकारी लोकअदालती बऱ्याच नंतर आल्या. त्यांचा कायदा १९८७ चा, तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. सरबताचा पेला ज्या तारखेला फेकला गेला तीच ही तारीख. निव्वळ योगायोग, पण बडोदेकराला तो दिसल्याशिवाय राहत नाही. लोकअदालतीत दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय निवाडा होत नाही, आणि एकदा झाला की त्यावर अपील नाही. पणजोबांचा राजीनामा वेगळं काय म्हणत होता?

आमच्या काकांचा रावपुऱ्यातल्या भिंतीचा दावा अशाच अदालतीत मिटला. अकरा वर्षं चाललेला. काकांनी तीन पानी मुद्दे काढून नेले होते. न्यायाधीशांनी ते बाजूला ठेवायला सांगितलं आणि शेजाऱ्याला विचारलं, किती फूट सोडता? दीड, म्हणाला. काकांनी दोन मागितले. पावणेदोनवर सह्या झाल्या. गुजरातीत तडजोडीला समाधान म्हणतात. कारकुनाने कागद पुढे सरकवत विचारलं, "समाधान थई गयुं ने, काका?" काकांनी सही केली आणि मराठीत म्हणाले, "तुमच्यातलं झालं, आमच्यातलं नाही." ती तीन पानं अजून त्यांच्या कपाटात आहेत.