रवांडाच्या संसदेत बायका जास्त, त्या ‘पुरुष उरले नाहीत’ म्हणून?

रवांडाच्या संसदेत महिलांचं बहुमत आहे हे कळलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘१९९४च्या वंशसंहारात पुरुष मेले, मग बायकाच उरणार!’ ऐकायला पटतं, पण हिशोब जुळत नाही. संहारानंतर लोकसंख्येत स्त्रिया बऱ्याच जास्त होत्या, हे खरंच. पण तेवढ्याने खासदार होता येत नाही.

खरा बदल २००३च्या राज्यघटनेने केला. निर्णय घेणाऱ्या संस्थांत किमान ३० टक्के महिला हव्यात, हे तिने बंधनकारक केलं. कनिष्ठ सभागृहाच्या ८० पैकी २४ जागा महिलांसाठी राखीव झाल्या. त्याच वर्षी ३९ जणी निवडून आल्या, २००८मध्ये ४५. जगात पहिल्यांदाच एखाद्या राष्ट्रीय सभागृहात महिलांचं बहुमत झालं, तेही संहारानंतर १४ वर्षांनी.

‘म्हणजे सगळ्या राखीव जागांवरच्या!’ हेही चूक. २०१३मध्ये ५१ जणी आल्या. त्यातून २४ वजा करा: २७ जणी राखीव जागांबाहेरच्या. तिथे मत पक्षाला देतात आणि पक्षाच्या यादीतून वरून क्रमाने खासदार होतात. या याद्यांत महिलांना वर जागा मिळाली, म्हणून हे जमलं. (तिथे एकाच पक्षाचा वरचष्मा आहे, त्यामुळे या सभागृहाचं सरकारपुढे किती चालतं हा प्रश्न उरतोच, पण तो वेगळा.)