कोडचा मालक कोण? सॉफ्टवेअरच्या कॉपीराइट नोंदणीची माहिती

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीनं फ्रीलान्सरकडून हीट-एंट्रीचं (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीच्या नोंदीचं) सॉफ्टवेअर करून घेतलं, बिल भागवलं, जीएसटीही भरला. तरी कोडची मालकी आपोआप फाउंड्रीकडे येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’. पगारी माणसानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे नोकरी देणाऱ्याचा. कंत्राटावर लिहिलेला मात्र लिहिणाऱ्याचाच. म्हणून अर्जाआधी हस्तांतरणाचा करार करा. तो कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा हवा. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईच्या ग्राहकाला तेच सॉफ्टवेअर विकायला निघालात की ही राहिलेली एक ओळ आडवी येते.

नोंदणी सक्तीची नाही. पण कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरते, आणि फी एका कृतीला ५०० रुपये. तेवढ्यासाठी टाळू नये.

अर्ज नमुना चौदामध्ये, कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरतात. दिल्लीला जावं लागत नाही. लेखकाच्या रकान्यात कोड लिहिणाऱ्या माणसांची नावं घाला, कंपनीचं नाव मालकाच्या रकान्यात. इथली गल्लत वारंवार होते आणि मग त्रुटीचं पत्र येतं. अर्जदार स्वतः लेखक नसेल तर प्रत्येक लेखकाचं ना-हरकत पत्र किंवा करार जोडा. नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या मुलाची सही नंतर मिळवणं फार अवघड, तेव्हा ती त्याच्या शेवटच्या दिवशीच घ्या. वकिलामार्फत अर्ज असेल तर मुखत्यारपत्र लागतं.

सोबत सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, द्यायचा. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं पुरतात. एकूण वीसपेक्षा कमी असतील तर सगळी. त्यात काहीही काळं करून झाकता येत नाही. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला असेल तर तो आधी वेगळ्या फाइलमध्ये हलवा, मग पानं काढा. दुसरी चूक याहून वाईट. फाइली अकारविल्हे छापल्या की पहिल्या दहा पानांत बाहेरून घेतलेली लायब्ररीच (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) येते, वर दुसऱ्याच्या कॉपीराइटची ओळ. म्हणजे आपल्या हक्काचा पुरावा म्हणून आपण दुसऱ्याचा कोड जोडतो! स्वतः लिहिलेली मॉड्यूल पुढे आणि शेवटी येतील असा क्रम लावा.

अर्जातल्या ‘पुढच्या तपशिलाच्या विवरणात’ विचारतात, कृती मूळ आहे की आधीच्या कृतीचं रूपांतर. ओपन सोर्स, म्हणजे परवान्याच्या अटींवर सगळ्यांना खुला असलेला, प्रकल्प घेऊन त्यात बदल केले असतील तर ते रूपांतर. तिथं ‘मूळ’ लिहू नका. एमआयटी या सैल ओपन सोर्स परवान्याचा कोड विकता येतो, फक्त त्याची कॉपीराइट आणि परवान्याची सूचना सोबत ठेवावी लागते. जीपीएल या कडक ओपन सोर्स परवान्याचा कोड आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून ग्राहकाला दिला तर त्याला त्याच परवान्याखाली सोर्सही द्यावा लागतो. नोंदणीनं ही अट सुटत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत मॉडेल रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून झालेल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर दाव्यात अपील न्यायालयानं अशा परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटभंग ठरू शकतो, असं मानलं. कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, कोणता परवाना, याची यादी प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून ठेवा.

फी भरली की डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मालकीवर हक्क सांगणारा जुना भागीदार असेल तर त्याला अर्जाची नोटीस देणं अर्जदाराचंच काम. लपवलेला वाद पुढे नोंदच अडचणीत आणतो.

प्रकरण कोर्टात गेलंच तर कलम ६२ मुळे वादी जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. गोकुळ शिरगावच्या कंपनीला प्रतिवादीच्या मागे बेंगळुरूला धावावं लागत नाही, कोल्हापुरातच दावा टाकता येतो.