मानसिक आजारविषयक कलंकभावना : माध्यमिक शाळांतील निवारण

मानसिक आजाराविषयीचे अज्ञान, त्यातून बळावलेला पूर्वग्रह आणि त्यापायी आजारी व्यक्तीला मिळणारी दुजाभावाची वागणूक या तिन्ही बाबी कलंकभावनेत येतात, अशी मांडणी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ ग्रॅहम थॉर्निक्रॉफ्ट यांनी केली आहे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात अशी चार मुले असू शकतात, आणि ‘मेंटल’, ‘सायको’ किंवा ‘याला येरवड्याला पाठवा’ अशी चेष्टा त्यांच्याही कानांवर पडतच असते. त्रास सांगितला तर आपल्यालाही हेच नाव पडेल या धास्तीने मूल गप्प राहते आणि उपचार लांबतात.

निवारणाचे मुख्य मार्ग दोन : शिक्षण आणि प्रत्यक्ष संपर्क. आजारातून सावरलेल्या व्यक्तीने स्वतःचा अनुभव सांगणे हे संपर्काचे नेहमीचे रूप होय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन व सहकाऱ्यांनी २०१२ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रौढांच्या बाबतीत संपर्क अधिक परिणामकारक ठरला. किशोरवयीनांमध्ये मात्र शिक्षणाचा प्रभाव जास्त दिसला. या वयात मते पुरती घट्ट झालेली नसतात, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. तरी कोणतीही माहिती चालते असे नव्हे. ‘हा केवळ मेंदूतील रसायनांचा बिघाड आहे’ असे शिकवल्यास रुग्णाला दोष देणे कमी होते, पण तो कधी बरा होणार नाही ही समजूत पक्की होऊ शकते. म्हणून उपचार आणि बरे होणे यांवर भर देणे अधिक हिताचे.

पाठाइतकीच शाळेची रोजची रीतही महत्त्वाची असते, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. भर तासाला शिपाई चिठ्ठी घेऊन येतो, शिक्षक मोठ्याने नाव वाचतात आणि ‘समुपदेशकांनी बोलावलंय’ हे सगळ्या वर्गाला कळते. एवढ्याने आधीच्या तासाचे शिकवणे वाया जाऊ शकते. समुपदेशकाने सर्वच वर्गांवर नियमित तास घेतले, तर त्याच्याकडे जाण्यातले वेगळेपण कमी होते.

गोव्यातील ‘संगात’ संस्थेच्या ‘सेहेर’ या उपक्रमाचा रोख थेट कलंकभावनेवर नव्हता, तर शाळेच्या वातावरणावर होता. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत झालेल्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी उपक्रम चालवला तेथे वातावरण सुधारले आणि दादागिरी व नैराश्याची लक्षणे घटली. तोच उपक्रम शिक्षकांकडे सोपवलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. शिक्षकांवर आणखी एक काम टाकून मोकळे होण्याच्या सरकारी सवयीला हा निष्कर्ष अडचणीचा आहे.

या क्षेत्रातील बहुतेक मूल्यमापन कार्यक्रम संपताच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेले असते. त्यातून मुलांची माहिती आणि मते कळतात. मधल्या सुट्टीत ती कोणाला आपल्यात घेतात आणि कोणाला टाळतात, याची नोंद फार थोड्या अभ्यासांत सापडते.