कॉल वाजवला की पक्षी ‘भेटायला’ येत नाही

झुडपात दडणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्याचा फोटो हवा असेल तर मोबाइलवर त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज (कॉल) वाजवा, जोडीदार समजून तो खुशीत समोर येतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. विणीच्या हंगामात नराचं गाणं ही बहुतेकदा हद्दीची दवंडी असते. परका नर गातोय असं वाटलं की तो येतो ते त्याला हुसकावायला. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ डेव्हिड लॅक यांच्या प्रयोगांत तर लाल छातीचा रॉबिन पक्षी लाल पिसांच्या नुसत्या पुंजक्यालाही, परका नर समजून, धमकावत होता!

पिसं फुगलेली, शेपटी झटकतोय, मान सारखी वळतेय. आपण याला ‘छान पोज’ म्हणतो. न दिसणारा शत्रू शोधण्यात त्याची चाऱ्याची वेळ जाते, घरट्याकडेही दुर्लक्ष होऊ शकतं.

एकदाच वाजवलं तर काय बिघडलं? त्याच झुडपापाशी रोज कुणी ना कुणी ‘एकदाच’ वाजवतो, घोळ तिथेच आहे.

त्यापेक्षा जंगलातल्या छोट्या पाणवठ्याजवळ आडोशाला, हालचाल न करता बसावं. उन्हं चढली की लाजाळू पक्षीही अंघोळीला उतरतात. सावलीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवावा लागतो. फोटो जरा रवाळ आला तरी चालतं.