दगड तसे हत्यार

शहाबादी फरशी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. हा चुनखडक मुळातच सपाट थरांत साचलेला असल्यामुळे त्याच्या लाद्या सहज सुट्या होतात. तो ज्या भीमा खडकसमूहातून निघतो, त्याच समूहातील सिलिकायुक्त (सिलिका म्हणजे गारेतील मुख्य द्रव्य) चुनखडक कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात इसामपूर येथे उघडा पडला आहे आणि सुमारे 12 लाख वर्षांपूर्वी तेथे आदिमानवाची दगडाची खाण आणि हत्यारे घडवण्याची जागा एकत्रच होती. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांच्या उत्खननात तेथे लाद्या, अर्धवट घडलेली हत्यारे, छिलके (दगडावर ठोकून उडवलेले तुकडे) आणि ठोकण्यासाठी वापरलेले बेसाल्ट व चर्टचे (सिलिकेच्या कठीण, बारीक कणांच्या दगडाचे) गोटे सापडले. पातळ लादी मिळाली, की तिच्या कडा छिलून थेट हातकुऱ्हाड, म्हणजे हातात धरून वापरायचे धारदार कडांचे हत्यार, तयार होई. जाड ठोकळ्यातून मात्र आधी मोठा छिलका उडवून मग त्याला आकार द्यावा लागे.

प्रवरेच्या काठी नेवाशाला अशा लाद्या नव्हत्या. तेथील जुन्या हातकुऱ्हाडी प्रामुख्याने बेसाल्ट आणि डोलेराइट या काळ्या दगडांच्या आहेत. हे दगड मोठ्या आकारात मिळतात, त्यामुळे हत्यारेही तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी होतात. त्याच परिसरातील नंतरच्या काळातील तासण्या (खरवडण्याची हत्यारे) आणि टोकदार हत्यारे मात्र लहान असून जास्पर, चर्ट आणि कॅल्सिडोनी या सिलिकेच्या दगडांची आहेत. ज्या लाव्हापासून बेसाल्ट बनला, तो थंड होताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे सिलिका विरघळलेले पाणी झिरपून त्यांत कॅल्सिडोनीचे गोटे साकळले. या दगडाचे कण इतके सूक्ष्म असतात, की तो काचेसारखा फुटतो आणि धार बेसाल्टहून कितीतरी तीक्ष्ण येते; पण गोटा बहुधा लहानच, म्हणून हत्यारही लहान.

तरीही केवळ दगडाने हा बदल घडवला, असे म्हणणे मला अपुरे वाटते. बेसाल्ट काही संपला नव्हता, तो नदीकाठी पूर्वीइतकाच मुबलक पडलेला होता. तो सोडून लहान गोटा उचलण्याचा निर्णय माणसाचा होता. अशी पारख फार जुनी आहे. केनियातील कांजेरा साउथ येथे सुमारे 20 लाख वर्षांपूर्वी जवळपास दगड उपलब्ध असतानाही, त्यातील काही लवकर बोथट होत असल्यामुळे, अधिक टिकाऊ दगड 10 किलोमीटरहून दूरच्या भागांतून आणले जात होते.