कोर्स संपला, पण लोकलमध्ये उभं राहता येतं का?

टीबी म्हटलं की खोकला आणि थुंकीची तपासणी आठवते. पण हा जंतू रक्तातून मानेच्या गाठी, फुप्फुसाचं आवरण, आतडी, मणका, मेंदूचं आवरण असा कुठेही जाऊन बसतो. भारतातल्या टीबीच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला असा, फुप्फुसाबाहेरचा टीबी असतो. छातीत टीबी नसेल तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही, तरी घरात रुग्णाचा कप वेगळा ठेवला जातो!

औषधं तीच: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. गाठींसाठी बहुधा 6 महिने. हाडं, मणका, मेंदूसाठी वर्षभर किंवा जास्त. मात्र गोळ्या जंतू मारतात, वाकलेला मणका सरळ करत नाहीत.

फुप्फुसाच्या टीबीत थुंकी निगेटिव्ह आली की ‘बरा झाला’ अशी नोंद करता येते. मणक्यातून पुन्हापुन्हा नमुना कोण काढणार? म्हणून इथे बहुतेकदा ‘उपचार पूर्ण’ एवढाच शेरा पडतो, आणि दोन्ही शेरे ‘यशस्वी’च्याच खात्यात जमा होतात. मला हा हिशेब अपुरा वाटतो. चाळीचे तीन जिने चढता येतात का? पाण्याची हंडी उचलता येते? संडासात उकिडवं बसून उठता येतं? सकाळच्या गर्दीत दादर ते अंधेरी उभं राहता येतं? पाठदुखीसाठी वापरली जाणारी ऑस्वेस्ट्री प्रश्नावली नेमकं हेच विचारते: बसणं, उभं राहणं, चालणं, वजन उचलणं, झोप, प्रवास. तिचे गुण दर काही महिन्यांनी मांडले, तर जंतू मेल्यावरही माणूस कुठे अडकलाय ते दिसतं आणि फिजिओथेरपी वेळेवर सुरू होते.

गाठींच्या टीबीत आणखी एक चकवा आहे. उपचार चालू असतानाच गाठ कधी फुगते, शेजारी नवीही येते. अनेकदा ती मेलेल्या जंतूंवरची प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. लोक मात्र ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून गोळ्या सोडतात. अर्थात औषधांना दाद न देणारा टीबी मुंबईत बराच आहे, त्यामुळे गाठीतला नमुना तपासून घ्यायलाच हवा.

मणक्याच्या रुग्णाने मात्र पायांत मुंग्या, जडपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काहीही जाणवलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.